हाताला न कळणारी गाठ

—नाही, वर करू नकोस तो सदरा. झाकलेलंच राहू दे पोट, आणि तू तिथंच बस, त्या खांबाला टेकून. इकडे चटईवर येऊ नकोस. रागावले नाही गं, माझा आवाजच असा आहे. माझे हात कामात आहेत, चटई विणतेय, दिसतंय ना—केवड्याची पानं इतकी बारीक चिरलेली असतात, दोऱ्यासारखी, की मधेच हात काढला तर सगळी ओळ सैल पडते—आणि हाताला तेलही नाही आज माझ्या. तेल नाही तर चोळणार कशी? बाटली? तुझ्या डोक्यावर वाशाला टांगलीय ती? ती रिकामी आहे. म्हणजे, भरलेली आहे, दिसतंच आहे म्हणा तुला. पण जुनं तेल आहे ते. नऊ वर्षांचं तेल कुणाच्या पोटाला लावायचं असतं का?

कुणी पाठवलं म्हणालीस? आईनं? मालियानं? तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं? पुन्हा सांग बरं, तिच्याच शब्दांत सांग. "वाइओलाकडेच जा, दुसऱ्या कुणाकडे जाऊ नकोस." हं. असं म्हणाली का ती. असं म्हणाली.

तू नाव सांगायच्या आधीच मी तुला ओळखलं होतं, एसेता. बसमधून उतरलीस, रस्ता ओलांडलास, डावा हात बरगडीखाली धरून हळूहळू चालत आलीस, तेव्हाच मी म्हटलं, हे चालणं मी—चेहऱ्यावरून ओळखलं, असं म्हणायचं होतं मला. कानांवरून. पेलेनाटोचे कान असेच बाहेर आलेले होते, चर्चमध्ये वरच्या पट्टीत गायला लागला की हलायचे, पुढच्या रांगेतली पोरं वळून वळून हसायची. तेवढंच मला तुझ्या बापाबद्दल माहीत. दुसऱ्या गावचा माणूस, लांबून बघितलेला. तेवढंच.

आता ते प्रार्थनेचं पुस्तक उघड आणि आत घडी करून लपवलेला कागद काढ. मला कसं कळलं? अगं, या बेटावर इस्पितळाचा कागद सगळे देवाच्या पुस्तकातच लपवतात, देवानं वाचावा आणि आपल्याला वाचायला लागू नये म्हणून. वाच. मोठ्यानं वाच, शाळेत वाचतेस तसं. उद्या सकाळी नऊला, पलीकडच्या बेटावर अपियाच्या इस्पितळात, मोठ्या यंत्रात. म्हणजे आज चारची बोट. आणि धक्क्यावर जाणारी पुढची बस इथून तीनच्या सुमाराला जाते—सुमारालाच, कारण ड्रायव्हर वाटेत बहिणीकडे थांबून जेवतो, आणि तिनं निरफणस भाजला असेल तर दोनदा जेवतो. म्हणजे तुला वेळ होता. पिशवीत कपडे आहेत, झोपायची चादर आहे, सगळं आहे, आणि तू धक्क्यावर जायच्या ऐवजी मधेच माझ्या दारात उतरलीस.

काय म्हणते तुझी आई? माझ्याशी बोल, खांबाशी नको बोलूस. मेलेला बाप तुझ्या पोटात येऊन बसलाय. असं. झोपेत तू त्याच्या आवाजात गातेस, भावांनी ऐकलंय. म्हणून हे आपलं दुखणं आहे, गोऱ्यांचं नाही, आणि आपल्या दुखण्यात डॉक्टरची सुई टोचली तर माणूस मरतो. म्हणून आधी वाइओलानं चोळून त्याला बाहेर काढायचं आणि मग वाटलं तर बोट. हेच ना? पाठ आहे गं मला. सगळ्या बेटाला पाठ आहे. पण मला एक सांग, जिल्ह्याच्या इस्पितळात त्यांनी पोटावर गार गार चिकट काहीतरी लावून यंत्रात ती गाठ बघितली ना? किती म्हणाले? सहा सेंटिमीटर? मग भुताला कधी कुणी सेंटिमीटरमध्ये मोजलंय का?

हसलीस. चला, हसलीस तरी.

मला गाठींचं बरंच माहीत आहे. चोळणारी म्हणून नाही, ते सोड. डॉक्टर तोएतू दर महिन्याला बायकांच्या समितीच्या घरात येते ना, तिथं मी पहिल्या रांगेत बसते. नऊ वर्षांत एकदाही चुकले नाही, वादळ झालं त्या महिन्यातसुद्धा गेले, तर मी आणि ती दोघीच होतो. ती इथलीच पोर, त्यामुळे आम्हाला मूर्ख म्हणायला तिला लाज वाटत नाही. एकदा तिनं बाजारातून टोपलीभर वस्तू आणल्या आणि एक लांब मासा आणला. मासा आडवा ठेवला आणि म्हणाली, हे स्वादुपिंड. जठराच्या मागं, कण्याला चिकटून असंच आडवं पडलेलं असतं, डोकं उजवीकडे, शेपटी डावीकडे. त्यातून रस निघतो. रविवारी खाल्लेलं डुकराचं मांस त्याच रसानं विरघळतं. आणि मग तिनं विचारलं, हा रस बाहेर सांडला तर काय होईल? मी बोलले. मी म्हटलं, तो आपल्यालाच पचवायला लागेल. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, आणि डॉक्टर पण. तिनं जरा जास्त वेळ बघितलं.

मग ती म्हणाली, त्याच्यात पाण्याच्या गाठी होतात, पण सगळ्या एका जातीच्या नसतात. मधाचं पोळं काढून दाखवलं तिनं. एक अशी असते, आत बारीक बारीक घरं, घरांत पातळ पाणी. ती बिचारी कुणाचं काही वाईट करत नाही, कित्येक बायकांना असते आणि मरेपर्यंत पत्ताही लागत नाही, तिला तशीच राहू द्यायची. मग तिनं जास्वंदीची पानं हातात चुरली, तो बुळबुळीत चीक बोटांतून लोंबायला लागला, आणि म्हणाली, दुसरीत हे असं असतं, बहुतेक बायकांनाच होते, शेपटीकडे. ती वर्षानुवर्षं गप्प राहते आणि मग एक दिवस कॅन्सर होऊन बोलायला लागते, म्हणून गप्प आहे तोवरच काढून टाकायची. दोन पॅशनफ्रूट कशासाठी आणली होती ते आम्हाला कधीच कळलं नाही, कारण आमच्या अध्यक्षीणबाईंनी तोवर ती दोन्ही खाऊन टाकली होती. डॉक्टर म्हणाली, "काकी, तुम्ही माझा अर्धा धडा गिळलात." त्या म्हणाल्या, "मग आता यंत्रात घालून बघ कुठे गेला तो." काय हसलो होतो आम्ही. मीसुद्धा हसले होते. हसता हसता मी हात पाठीमागे घेतले होते, लपवल्यासारखे. का ते नको विचारूस.

आमच्या पाद्रीबाबांची गाठ त्या रसाच्या नळीतच आहे. मुख्य नळीत असती तर कापावी लागली असती, त्यांची बारीक फाट्यात आहे, म्हणून दर वर्षी अपियाला जाऊन फोटो काढतात आणि येताना पोरांना चॉकलेट आणतात. पोरं म्हणतात, देवा, ती गाठ तेवढी जपून ठेव. आणि एक गाठ, एसेता, तुझ्यासारख्या मुलींना होते. अर्धी घट्ट आणि अर्धी पाण्याची, सावकाश वाढणारी. काय लिहिलंय तुझ्या कागदावर, वाच पुन्हा. "शेपटीकडे." पुढे? "काही भाग घन." हं. डॉक्टर म्हणाली होती की ती ऑपरेशन करून काढली की बहुतेक मुली पुन्हा नेटबॉल खेळायला लागतात. नेटबॉल, हा तिचाच शब्द. तुझी तीच आहे असं मी म्हणत नाही हां. मी म्हणूच शकत नाही, तेच तर मघापासून सांगतेय. मोठ्या यंत्रातून एकेक चकती कापल्यासारखे फोटो निघतात, तेव्हा कुठं कळायला लागतं. तरी नाही कळलं तर न्यूझीलंडला पाठवतात, तिथं झोपवून तोंडातून नळी घालतात, नळीच्या टोकाला यंत्र, त्याच्यातून बारीक सुई, आणि त्या गाठीतलं थेंबभर पाणी काढून बघतात की ते पातळ आहे की चिकट आहे की त्यात आणखी काही आहे. इतकं करतात तेव्हा कळतं. आणि हाताला? हाताला सगळ्या सारख्याच लागतात, पोरी. चांगली, वाईट, खोटी, सगळ्या. चाळीस वर्षं लोक म्हणायचे, वाइओलाच्या अंगठ्याला डोळे आहेत. डोळे! लोकांनी म्हटलं आणि मीही धरून चालले.

खोटी म्हणजे? खोटी पिशवी. तिला स्वतःची कातडीच नसते. पित्ताचा खडा अडकला, नाहीतर कुणी फार दारू प्यायलं, नाहीतर पोटावर मार बसला, की स्वादुपिंड सुजतं, रस सांडतो, आणि पोटातलं जवळ जे असेल ते त्या रसाभोवती भिंत बांधायला लागतं. सहा आठवड्यांत नारळाएवढी होते. पुष्कळदा आपोआप जिरते. नाही जिरली तर तोंडातूनच नळी घालून जठराच्या आतून तिला भोक पाडतात, ती आतल्या आत जठरात रिकामी होते, बाहेरून सुरीसुद्धा लागत नाही. बाहेरून काही म्हणजे काही करायचं नसतं, कारण भिंतीला लागून रक्ताची नळी असते आणि त्या रसानं ती कुरतडून पातळ केलेली असते, वरून काय कळणार—वरून अंगठा ठेवला की डाव्या बरगडीखाली नुसतं हलतं, नारळ कानाशी धरून हलवल्यावर पाणी फिरतं तसं, आणि त्याच्यात ठोके, ठोके, जणू आतून कुणी दार वाजवतंय, आणि तुझ्या बापाची तर इतकी टणक झाली होती की—

काय? काय विचारलंस?

मला कसं माहीत. सगळ्यांनाच माहीत होतं. आजारी होता तो, लोक बोलायचे. लोक काहीही—

बघ, सुटली. ओळ सुटली. नको, तू हात लावू नकोस, मी लावते.

बस खाली. बस म्हणते ना. बस यायला वेळ आहे अजून. सांगते.

तेही असेच उतरले होते, एसेता. तू आत्ता उतरलीस तसे. तुझी आई पुढे, तुझा बाप मागे, डावा हात बरगडीखाली. पिशवीत चादर, आणि तुझ्या आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकात असलाच कागद. पित्ताच्या खड्यानं आजारी पडला होता, इस्पितळात राहून घरी आला होता, अंग वाळलेलं आणि पोट तेवढं पुढे आलेलं, आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी अपियाला बोलावलं होतं. तो इथं बसला आणि हसत म्हणाला, "वाइओला, जरा लवकर आटप, बोट चुकेल." आणि मी ठेवला अंगठा. मी ठेवला, आणि मला ते ठोके लागले, आणि मी तुझ्या आईला म्हटलं—तुला झोपेतसुद्धा पाठ असलेलं ते—हे आपलं दुखणं आहे, यात सुई टोचली तर माणूस मरतो. इथंच ठेव त्याला. बेटावर पूर्वीपासून म्हणत असतील, असतील म्हणत. पण तुमच्या घरात ते वाक्य माझ्या तोंडून आलं. तुझी आई नऊ वर्षं मीच दिलेलं वाक्य जपून बसलीय, आणि आज तेच तुझ्या हातात देऊन तिनं तुला माझ्याकडेच परत पाठवलंय.

तीन दिवस चोळलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, प्रार्थनेचा शंख वाजायच्या जरा आधी, माझ्या अंगठ्याखाली काहीतरी सुटलं. आवाज नाही काही. पिकलेल्या फळावर बोट टेकलं की आत जातं ना, तसं. आणि तो म्हणाला, "आहा. मोकळं वाटलं, वाइओला." देवाशपथ, असंच म्हणाला. मला इतका आनंद झाला! मी तुझ्या आईकडे बघून मान हलवली, म्हटलं बघ, गेलं. आणि तेवढ्यात त्याचा रंग बदलायला लागला, सोललेल्या अळकुडीसारखा पांढरा, घाम, आणि पोट माझ्या हाताखाली वर वर येत होतं. आणि शंख वाजला.

तुला माहीत आहे शंख वाजला की काय असतं. रस्त्यावर माणूस नाही, गाडी नाही, घराघरांत सगळे खाली बसलेले, गाणी म्हणत. चालणाऱ्याला दंड होतो. समोरच्या घरात, तिथं, त्या नारळापलीकडे, त्यांच्याकडे ट्रक होता. मी हाक मारली असती तर आली असती माणसं. मारली नाही. मी इथं बसून राहिले, त्याच्या पोटावर हात ठेवून, आणि गाणं म्हणत राहिले. आजूबाजूची घरं म्हणत होती म्हणून. त्याचेही ओठ हलत होते. प्रार्थना संपल्याचा दुसरा शंख वाजला तेव्हा हलत नव्हते.

रडू नकोस. नाही, रड.

मग त्याला इस्पितळात नेलं, तिथं डॉक्टर तोएतूनंच विचारलं, कुणी पोट चोळलं होतं का? मी दारात उभी होते. तुझ्या आईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, नाही. का म्हणाली? त्याला बसमधून तिनं उतरवलं होतं ना. तो तर बोटीवर निघाला होता. तिला बोल लावू नकोस, एसेता, तिनं स्वतःला पुष्कळ लावून झालाय. एका "नाही"त आम्ही दोघी नऊ वर्षं राहिलोय, ती तिच्या गावात, मी माझ्या. चर्चच्या मेळाव्यात समोर आली की ती माझ्या हातांकडे बघते. तोंडाकडे नाही, हातांकडे. त्या दिवसानंतर मी कुणाला चोळलं नाही. लोकांना सांगते, संधिवात आहे.

कुणाचं लग्न आहे, विचारलंस ना आल्या आल्या, एवढी बारीक विणीची चटई कुणासाठी? लग्न नाही कुणाचं. ज्याच्या हातून माणूस गेला त्यानं पहाटे त्या घरासमोर जाऊन बसायचं असतं, डोक्यावरून अशी चटई घेऊन, मान खाली घालून. घरातल्यांनी येऊन ती उचलली तर माफ केलं. नाही उचलली तर दगड आहेत, सुरे आहेत, त्यांची मर्जी. तो गेला त्याच आठवड्यात मी ही विणायला घेतली. दीड वर्षात झाली असती. मी दिवसा विणायची आणि टोक आलं की थोडी उसवायची. नऊ वर्षं. स्वतःला सांगायची, मी जाऊन बसले तर मालियाचं खोटं उघडं पडेल, बिचारीला त्रास होईल. छान कारण आहे ना? खरं म्हणजे भ्यायले होते. तुझ्या भावांना नाही, ते तेव्हा एवढे एवढे होते. कुणी चटई उचलेल आणि मला त्यांचं तोंड दिसेल, त्याला भ्यायले होते.

आणि आता नीट ऐक, कारण हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझा बाप तुझ्या पोटात नाही. तो इथं असतो. रोज, शंख वाजला की. त्या खांबाशी—हो, त्याच, तू टेकलीस त्याच—उठू नकोस, काही करत नाही तो. बसतो, बरगडीखाली हात धरून, आणि तेवढंच म्हणतो, बोट चुकेल. रागानं नाही म्हणत. म्हणत राहतो नुसता. म्हणून सांगते, नऊ वर्षांत एक संध्याकाळ चुकवली नाही त्यानं इथली, मग तुझ्याकडे कधी आला? मेला म्हणून काय झालं, माणूस दोन गावांत एकदम कसा बसेल? आणि कुणाच्या पोटात बसायचंच असतं तर माझ्या बसला असता. तुझ्यावर कशाला रागावेल तो? झोपेत गातेस ते गाणं त्यानंच तुला शिकवलं असेल मांडीवर घेऊन. गा की मग.

तुझ्या पोटात गाठ आहे. सहा सेंटिमीटरची. कुठल्या जातीची ते मला माहीत नाही, तुझ्या आईला माहीत नाही, कुठल्याही मेलेल्या माणसाला माहीत नाही. उद्या सकाळी नऊ वाजता जो माणूस ते यंत्र चालवेल त्याला कळायला सुरुवात होईल. सुई टोचतील, रंग घालायला, दंडात. मरणार नाहीस. ज्या बाईनं सांगितलं होतं मरशील, तीच सांगतेय. आणि कुणी म्हणालं, पोट दुखतंय तर जरा चोळून देते, आजी असो, आत्या असो, बोटीवरची कुणी म्हातारी असो, तर हात धरायचा तिचा. असा. घट्ट. लाजायचं नाही. मी बघितलंय, तू लाजून गप्प बसणारी आहेस. इथं गप्प बसलीस ते चाललं. तिथं नाही चालणार.

ऐकलंस? हॉर्न. वळणावर आली. बहिणीनं निरफणस भाजला नव्हता वाटतं आज.

ऊठ. पिशवी घे. कागद पुस्तकात नको, हातात धर, सगळ्यांना दिसू दे. भावांना सांग मी काय केलं ते, आईला सांग की वाइओलानं सांगितलं म्हणून. येऊ देत मग ज्यांना यायचं ते. मी कुठे जात नाही. उसवणार नाही आता, एवढं टोक राहिलंय तसंच राहू दे—हे बघ, पोचते की डोक्यावरून. खांद्यापर्यंत पोचते. असं एकटीनं, आपल्याच घरात बसून करत नाहीत, माहीत आहे मला, तुमच्या दारात येईन रीतीनं, गावाला सांगून. पण तू जाईस्तोवर मला हे हात झाकून ठेवायचेत, नाहीतर तू दुखून वाकलीस की हे आपसूक पुढे—

नको! उचलू नकोस. काढ हात. आत्ता नाही. आत्ता उचललीस तर मला मोकळं वाटेल, आणि मोकळं वाटल्यावर काय होतं ते मी बघितलंय. परत ये. ऑपरेशन होवो, नाहीतर नुसती नजर ठेवायला सांगोत, जे काय असेल ते होऊन तुझ्या पायांनी चालत ये, आणि तेव्हा ठरव उचलायची का नाही. जा. पळू नकोस, पण जा. ड्रायव्हरला ओरडून सांग, धक्का. आणखी मोठ्यानं! हं.

थांबली बस. चढलीस? गेली. गेली बस.

एसेता?

मी बघणार नाही. ही चटई आपल्या हातानं काढायची नसते. पण खांबाशी कुणीतरी आहे, श्वास ऐकू येतोय मला. एसेता, तू राहिलीस का गं? नाही. तिच्या सपाता वाजल्या रस्त्यावर, मी ऐकल्या. शंखाला तर अजून किती वेळ आहे. मग आज इतक्या लवकर कसा आलास? इथं काय बसलास, पेलेनाटो? पोर एकटी गेलीय. बोलायला लाजते ती, कुणी चोळायला लागलं तर गप्प बसेल. ऊठ. चारची आहे, चुकणार नाही अजून. जा तिच्याबरोबर. जा.